आमच्या घरचा पंधरा ऑगस्ट

आमच्या लहानपणी पंधरा ऑगस्टची पहिली चाहूल हळदीच्या पानांच्या वासाने लागत असे. चौदा तारखेच्या दुपारी आजी परसातल्या वाफ्यातून रुंद, न फाटलेली पाने निवडून आणी. आई मोठ्या पावसाळी काकड्या किसायला बसे. तो कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे एकत्र कालवून पानात गुंडाळायचे आणि वाफवायचे, असा तो साधा गोड प्रकार. गोव्याकडचे आपले बांधव याच दिवशी हळदीच्या पानातल्या पातोळ्या करतात. आमच्या वसईच्या घरात त्यांचे हे काकडीचे भावंड नांदत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र ज्या दोघी हे रांधीत, त्यांना ते चाखता येत नसे. चौदा ऑगस्ट हा पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा पूर्वदिन. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे पेन्टेकॉस्ट, सर्व संतांचा सण आणि नाताळ यांच्या पूर्वदिनांबरोबर हाही उपासाचा आणि मांसवर्ज्याचा दिवस होता. हा उपास एकवीस वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू असे आणि साठाव्या वर्षी सुटे. आजीची साठी केव्हाच उलटली होती, पण तिला ही सवलत कोणी समजावून सांगितली तर ती फक्त हसत असे. गूळ पुरेसा पडला की नाही, हे सांगण्याचे काम त्यामुळे आम्हां मुलांकडे येई. आम्ही भावंडे ते अत्यंत सावकाशीने पार पाडीत असू, कारण पहिल्याच घासाला ‘पुरे आहे’ म्हटले तर दुसरा घास मिळत नसे.

आजोबाही त्या दिवशी जेवत नसत. त्यांच्या उपासाचे कारण मात्र निराळे होते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला, म्हणजे आमच्या स्टेशनापासून उत्तरेला काही स्टेशने पलीकडे, तहसील कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. ती बातमी वसईच्या बाजारात पोहोचली तेव्हा आजोबा तिथेच होते. तेव्हापासून चौदा तारखेला ते पाण्याखेरीज काही घेत नसत. आजी माउलीसाठी उपाशी, आजोबा पालघरच्या पाचांसाठी उपाशी, आणि दोघांनीही एकमेकांना त्याचा जाब कधी विचारला नाही. संध्याकाळी रोजरीच्या प्रार्थनेच्या शेवटी मृतांसाठी ‘आमच्या बापा’ म्हणण्याचा प्रघात होता. त्या दिवशी आजोबा पाच वेळा अधिक म्हणत. पाच कशाला, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले.

१९५७ साली रोमहून हुकूम निघाला आणि या पूर्वदिनाचा उपास निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या पूर्वदिनी, म्हणजे ७ डिसेंबरला, हलविण्यात आला. आजी दोन्ही दिवस उपास करू लागली.

पंधरा तारखेची पहाट अंधारात उगवे. ऑगस्टातला वसईचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या वाटेचे वर्णन सांगण्याची गरज नाही. चपला हातात, डोक्यावर इरले किंवा गोणपाटाची खोळ आणि आईने दुमडून छातीशी धरलेले आमचे पांढरे कपडे. देवळाच्या आवारात पोहोचल्यावर विहिरीवर पाय धुऊन ते कपडे चढवायचे. मिस्सा लॅटिनमध्ये, प्रवचन मराठीत. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी स्वर्गोन्नयनाचा श्रद्धासिद्धान्त घोषित केला, तेव्हा आम्ही पाळण्यातून नुकतेच बाहेर पडलो होतो. त्यानंतरच्या वर्षांत या सणाला एक नवे तेज आले होते, असे वडीलधारी मंडळी सांगत. आम्हांला ते तेज ठाऊक नव्हते. आम्हांला भूक ठाऊक होती. कम्युनियन घ्यावयाचे तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, असा तेव्हा नियम होता. १९५३ पासून पाणी पिण्याची मुभा मिळाली आणि १९५७ मध्ये हा काळ तीन तासांवर आला. पण त्याआधी, मिस्सा संपल्यावर धर्मग्रामाच्या शाळेच्या पटांगणात झेंडावंदनासाठी रांगेत उभी राहणारी आम्ही मुले रात्रीपासून उपाशी असायचो. झेंडा वर जाई, दोरीची गाठ सुटे, भिजलेल्या झेंडूच्या पाकळ्या खाली पडत आणि बहुधा प्रत्येक वर्षी एखादा मुलगा राष्ट्रगीत चालू असताना भोवळ येऊन चिखलात बसे. स्वातंत्र्याची आमची पहिली आठवण थोडी गरगरल्यासारखी आहे, ती यामुळे.

घरी परतल्यावर ट्रंकेतून आजोबांचा स्वतःचा झेंडा निघे. हातसुताच्या खादीचा, कडेला किंचित विरलेला. त्या काळी नागरिकाने आपल्या घरावर वर्षभर राष्ट्रध्वज लावण्यास मोकळीक नव्हती. ती २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने दिली. राष्ट्रीय सणांच्या दिवशी मात्र तो लावता येई. अंगणात बांबू रोवून झेंडा चढवायचा, सूर्यास्तापूर्वी उतरवायचा आणि पावसाने भिजला असेल तर चुलीच्या वर, पण धुराच्या बाहेर, वाळत घालायचा. हे शेवटचे काम आजी करी. खादी धुराने पिवळी पडते, हे तिला मासळी वाळवण्याच्या अनुभवावरून ठाऊक होते.

मग जेवण. या जेवणावरून घरात एक गोष्ट दरवर्षी सांगितली जाई. १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता आणि शुक्रवारी मांस वर्ज्य. स्वातंत्र्य मिळाले म्हणून आजोबांना घरात कोंबडी शिजावी असे वाटत होते, तर आजीला स्वराज्यासाठी शुक्रवार मोडायचा नव्हता. अखेर थोरल्या काकांना पावसात देवळाकडे पिटाळण्यात आले. फादरांनी उत्तर दिले की, आज्ञेचा सण शुक्रवारी आला आणि तो उपवासकाळात नसला, तर मांसवर्ज्याचा नियम त्या दिवशी लागू होत नाही. हे उत्तर धर्मसंहितेला धरून होते. काका हे उत्तर घेऊन परतेपर्यंत आजीने भाजी फोडणीला घातली होती, असे आजोबा सांगत. कोंबडी त्या दिवशी वाचली, असे आजी सांगत असे. खरे काय, ते आता विचारावयास कोणी उरलेले नाही.

या दोन सणांच्या एका तारखेवर येण्याबद्दल आपल्या समाजात एक समजूत दृढ आहे. माउलीने आपल्या सणाच्या दिवशी भारताला स्वातंत्र्य मिळवून दिले, असे आम्हीही प्रवचनांतून ऐकत वाढलो. भावना सुंदर आहे. परंतु इतिहास म्हणून विचाराल तर तारीख निवडली ती लॉर्ड माउंटबॅटन यांनी. ४ जून १९४७ च्या पत्रकार परिषदेत त्यांनी ती जाहीर केली. जपानने शरणागती पत्करल्याचा तो दुसरा वर्षदिन होता आणि आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे प्रमुख या नात्याने तो आपल्या मनात होता, असे त्यांनी पुढे सांगितले. ज्योतिषांना तो दिवस अशुभ वाटला, म्हणून संविधान सभेची बैठक चौदाच्या मध्यरात्री बसली, असे सांगतात. आपण शुभ मानतो तोच दिवस शेजाऱ्याच्या पंचांगात अशुभ होता. ही गोष्ट आम्हांला अधिक विचार करण्याजोगी वाटते.

युरोपात हा सण भर उन्हाळ्यातला. पोलंडमध्ये या दिवशी औषधी वनस्पती आणि धान्याच्या पेंढ्या आशीर्वादासाठी देवळात आणतात. इटलीत सम्राट ऑगस्टसच्या नावाने चालत आलेली उन्हाळी सुट्टी याच तारखेला येते. फ्रान्समध्ये तेराव्या लुईने १६३८ साली आपले राज्य मरियेला अर्पण केले, तेव्हापासून या दिवशी मिरवणुका निघू लागल्या. पुढे नेपोलियनने, त्याचा वाढदिवसही पंधरा ऑगस्टच असल्यामुळे, हा दिवस स्वतःच्या नावाचा राष्ट्रीय सण करून टाकला. लिक्टेनस्टाइन या चिमुकल्या देशाचा राष्ट्रीय दिन तर आजही हाच आहे. सणाची तारीख राज्यकर्त्यांना सोयीची वाटते, असा एकंदर अनुभव दिसतो.

आता एका वर्षाविषयी लिहिले पाहिजे. ते टाळून हा लेख पुरा होणार नाही.

१९५५ चा पंधरा ऑगस्ट सोमवारी आला. त्या दिवशी हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. आम्ही तेव्हा तिसरीत होतो. आमचे थोरले बंधू तालुक्याच्या गावी एका हायस्कुलात जात. त्या आठवड्यात एका शिक्षकांनी वर्गात वर्तमानपत्र वाचून दाखविले आणि मग ख्रिस्ती मुलांना उभे राहावयास सांगितले. चार मुले उभी राहिली. ‘आता सांगा, तुमचे राज्य कोणते?’ एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. कदाचित त्यांना तो विनोद वाटला असेल. वर्ग हसला, हे खरे.

बंधू घरी आले ते कोणाशी बोलेनात. रात्री गोष्ट बाहेर आली. वडील संतापले आणि सकाळीच मुख्याध्यापकांकडे जाण्यास निघाले. आजोबांनी त्यांना अडविले. ‘तक्रार करून काय होईल? ते मास्तर माफी मागतील आणि पोराला वर्षभर छळतील,’ असे ते म्हणाले. मग बंधूंना जवळ बसवून त्यांनी जो हिशेब सांगितला, तो आम्ही दाराआडून ऐकला. डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. ही झाली दोनशे पाच वर्षे. पोर्तुगीज जहाजांत बसून गेले, आपले कुणबी, वाडवळ, कोळी मात्र इथेच राहिले. कारण पानवेल आणि केळीचे बन जहाजात घालता येत नाही. नंतरची ऐंशी वर्षे, मधला थोडा काळ सोडता, पेशव्यांची. मग इंग्रजांची सव्वाशेहून अधिक. ‘आडनाव कोणी दिले ते सोड, शेतसारा कोणाकोणाला भरला ते मोज,’ असे आजोबा म्हणाले. ‘सगळ्यांना भरला. राज्य आपले आठ वर्षांपूर्वी झाले. मास्तरांचेही तेव्हाच झाले.’

हे उत्तर आम्हांला तेव्हा फार मोठे वाटले. आज वाटते की त्यात सत्य होते, पण सगळे सत्य नव्हते. आपल्यातही पोर्तुगीज नावांचा आणि साहेबी चालीरीतींचा तोरा मिरविणारे लोक होते. मुंबई-साष्टीच्या आपल्या बांधवांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोवेकरांपासून वेगळे ओळखले जावे हा एक हेतू होता, इंग्रज सरकारपाशी आपली निष्ठा दाखवावी हा दुसरा. हे लपविण्यात अर्थ नाही. पण त्याच समाजातून जोसेफ बाप्टिस्टा निघाले. ते लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि बॅरिस्टर होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच, आणि १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. आजोबांच्या ट्रंकेत झेंड्याखाली वर्तमानपत्रातून कापलेले त्यांचे एक चित्र असे. गोव्याच्या बाजूनेही पाहावे. तिथल्या राष्ट्रीय चळवळीचे जनक म्हणून ओळखले जाणारे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा हे कॅथलिक कुटुंबातलेच. त्या मास्तरांना ही नावे ठाऊक नसावीत. आमच्या बंधूंनाही तेव्हा ती ठाऊक नव्हती, ही आमची चूक.

त्यानंतर बंधू झेंडावंदनाला कधी थांबले नाहीत. मिस्सा ऐकून ते तडक घरी येत आणि अंगणात बांबू रोवण्याचे काम करीत. आजोबांनी त्यांना त्याबद्दल एका शब्दाने विचारले नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा बंधू मुंबईत नोकरीला होते. त्यांचे एक पोस्टकार्ड आले. वर पत्ता, खाली सही आणि मध्ये दोनच शब्द : ‘गोवा सुटला.’ नाताळच्या गडबडीत आजोबांनी ते सर्वांना वाचून दाखविले, जणू ते लांबलचक पत्र होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली आणि पंधरा ऑगस्टच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत देशाचे नाव आमच्या भाषेत ऐकू आले. आजी त्या वर्षी ते ऐकून रडली होती. लॅटिन गेले म्हणून की देश आला म्हणून, ते तिने सांगितले नाही. पुढे १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. शेते गेली, इमारती आल्या. हळदीचा वाफा आता गच्चीवरच्या चार कुंड्यांत मावतो.

२०२२ साली घरोघरी तिरंगा लावण्याची हाक आली, तेव्हा नातवंडांनी बाजारातून पॉलिएस्टरचा चकचकीत झेंडा आणला. यंत्रावर विणलेल्या अशा ध्वजाला आदल्याच वर्षाअखेर परवानगी मिळाली होती, आणि आता तो रात्रीही उतरवावा लागत नाही. आजोबांचा झेंडा आम्ही ट्रंकेतून काढून त्यांना दाखविला. खादी घड्यांवर फाटली आहे, तो फडकविण्याजोगा राहिलेला नाही. धाकट्या नातीने तो नाकाशी धरला आणि विचारले, ‘आजोबा, याला मासळीचा वास का येतो?’

थोरले बंधू शेजारीच बसले होते. ते आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांनी झेंडा तिच्या हातून घेतला, चार घड्या घातल्या आणि आत स्वयंपाकघरात काकडी किसली जात होती तिकडे आवाज दिला, ‘गूळ पुरेसा आहे का, बघायला कोणी हवे आहे का?’