ययातीचे सहस्र वर्षे आणि काही क्षण

देवळाच्या सभामंडपात बसून ययातीचे आख्यान ऐकत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. शर्मिष्ठेशी गुप्तपणे संबंध ठेवल्याबद्दल शुक्राचार्य ययातीस शाप देतात. अकाली जरा प्राप्त झालेला तो राजा पुत्रांपाशी यौवनाची याचना करतो. यदु, तुर्वसु, द्रुह्यु आणि अनु नकार देतात. धाकटा पुरू मात्र पित्याचे वार्धक्य आनंदाने स्वीकारतो. महाभारताच्या आदिपर्वातील हा राजा पुढे सहस्र वर्षे उपभोग घेतो आणि मगच त्यास उमगते की, वासनेला अंत नाही.

याच कथेवर वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९२० ते १९३८ पर्यंत खांडेकर गोव्याच्या सीमेलगतच्या शिरोडे गावी शिक्षक होते. तरुण मनाशी त्यांचा जो परिचय झाला, तो याच काळात दृढ झाला असावा, असे आम्हांस वाटते.

पौराणिक वेषातील ही प्रेमकथाच होय. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वमुखे सांगतात. प्रथम वाचनी आम्ही शर्मिष्ठेसाठी हळहळलो आणि देवयानीवर रागावलो. पुढे पुन्हा वाचताना, कचावर जडलेली व विफल झालेली देवयानीची प्रीती ध्यानात आली, आणि आमचा पहिला निवाडा उतावळा होता, हे कबूल करावे लागले.

खांडेकरांनी केलेला मोठा फेरफार अखेरीस आहे. त्यांचा ययाति पुरूचे यौवन घेतो. परंतु पुत्राचा त्याग पाहून काही क्षणांतच त्याचे मन अपराधाने पोळते. घेतलेले परत द्यावे, ही त्याची तळमळ कचाच्या साह्याने सफल होते. आदिपर्वात पश्चात्ताप भोगाच्या अंती येतो. येथे तो दुसऱ्याच्या प्रेमाने जागा होतो. पुरूला त्याचे तारुण्य आणि राज्य लाभते. कथेतील आशा ती हीच.

प्रेमाच्या कादंबऱ्या मुलांच्या हाती देऊ नयेत, असे आमचे वडीलधारे म्हणत. त्यांची धास्ती अगदीच निराधार नव्हती. ययातीचा भोगही या पुस्तकात विस्ताराने आला आहे. पण भोग वगळला, तर पश्चात्तापास अर्थ तो काय उरणार? १९६० साली या कादंबरीस साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि १९७४ साली खांडेकर ज्ञानपीठ पुरस्काराचे पहिले मराठी मानकरी ठरले. तथापि आमच्या लेखी तिचे मोल निराळे आहे. चूक उमगण्यासाठी सहस्र वर्षे थांबावे लागत नाही, हे ती तरुण वाचकास सांगते. म्हणून आख्यान ऐकून घरी परतलेल्या मुलाने हे पुस्तक उघडले, तर त्यास अडवू नये. त्याचे वाचून झाले की आपणही ते मागून घ्यावे.