गॉगलची फ्रेम आणि चेहऱ्याचा साचा

गोल चेहऱ्याला कोनदार फ्रेम, चौकोनी चेहऱ्याला गोलसर, लांबट चेहऱ्याला उंच काचांची आणि अंडाकृती चेहऱ्याला कोणतीही: स्त्रियांनी गॉगल निवडण्याचा हा नियम चष्म्याच्या दुकानात हमखास ऐकायला मिळतो. तो परंपरेने चालत आल्यासारखा सांगितला जातो, पण त्याचे वय शंभर वर्षांच्याही आतले आहे. उन्हापासून डोळे झाकण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी.

उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशातले इन्युइट लोक वॉलरसच्या सुळ्याची, हाडाची किंवा लाकडाची पट्टी कोरून तिला डोळ्यांसमोर बारीक आडवी चीर पाडत. तिच्यात काच नव्हतीच. बर्फावरून उलटून येणारा उजेड त्या चिरेतून जेमतेम आत येई आणि डोळे दिपत नसत. पट्टी आणि गाल यांच्यात फट राहिली तर कडेने उजेड शिरणार, म्हणून पट्टीची आतली बाजू चेहऱ्याच्या उंचसखलपणाला बेतून कोरलेली असे. चेहरा पाहून चष्मा बेतण्याचा अर्थ इथे अगदी सरळ होता.

अठराव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये तो अर्थ बदलू लागला. कालव्यांतून गोंडोलाने फिरणाऱ्या श्रीमंत स्त्रियांना पाण्यावरच्या तिरिपीचा त्रास होई. त्यांच्यासाठी जवळच्या मुरानो बेटावरच्या काचकारागिरीला साजेशी हिरवी काच मूठ असलेल्या चौकटीत बसवली जाई. ही वस्तू हातआरशासारखी दिसे आणि तशीच डोळ्यांसमोर धरायची असे. नाकाकानांचा संबंध नसल्याने ती चेहऱ्याला शोभते की नाही हा प्रश्नच नव्हता. शोभायची ती हातात.

एकोणिसावे शतक गॉगलच्या दृष्टीने कोरडेच गेले. युरोपात गोरी, उन्हाने न रापलेली कांती हे कुलीनतेचे लक्षण होते आणि ती राखायला छत्री, रुंद काठाची टोपी आणि जाळीचा बुरखा पुरत असे. रंगीत काच लावणारा माणूस आजारी किंवा अधू दृष्टीचा समजला जाई. ही समजूत महाराष्ट्रातही बराच काळ टिकली. काळा चष्मा म्हटले की मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असावे किंवा डोळे आले असावेत, असाच पहिला तर्क घराघरांत होई. ‘गॉगल’ हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. सुरुवातीच्या मोटारींना छत नव्हते, समोर काच नव्हती. धूळ आणि वारा अडवण्यासाठी कडेने बंद असलेले जाड चष्मे लागत, पुढे वैमानिकही ते वापरू लागले. त्या चष्म्यांचे इंग्रजी नाव मराठीने उचलले आणि उन्हाच्या प्रत्येक काळ्या चष्म्याला लावून टाकले. त्यामुळे अत्यंत नाजूक फ्रेमलाही मराठीत आजतागायत मोटारवाल्याचेच नाव आहे.

कलाटणी मिळाली ती १९२० च्या दशकात. समुद्रकिनारी ऊन खाणे हा श्रीमंतांचा छंद झाला आणि रापलेली त्वचा सुटीवर जाऊन आल्याची खूण ठरली. त्याच सुमाराला हॉलीवूडच्या चित्रीकरणात वापरल्या जाणाऱ्या आर्क दिव्यांनी नटनट्यांचे डोळे लाल होत, आणि पडद्याबाहेर काळा चष्मा लावलेली नटी ही ओळखीची प्रतिमा बनू लागली.

मागणी तयार होती. माल आला तो कंगव्यांच्या धंद्यातून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले लेमिन्स्टर हे गाव कंगव्यांसाठी प्रसिद्ध होते. सॅम फॉस्टर यांनी तिथे १९१९ मध्ये काढलेल्या कंपनीचा माल म्हणजे स्त्रियांनी केसांत खोवायच्या सेल्युलॉइडच्या शोभेच्या वस्तू. पण १९२० च्या दशकात स्त्रियांनी केस मानेपर्यंत कापायला सुरुवात केली आणि अंबाडाच गेला, तिथे तो सावरणारी फणी कोण घेणार? फॉस्टर यांनी तोच माल आणि तेच कसब गॉगलकडे वळवले. १९२९ मध्ये अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यालगतच्या वूलवर्थ दुकानात त्यांचे स्वस्त गॉगल विकायला ठेवले गेले. पुढच्या दशकात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरण्याचे तंत्र आले आणि फ्रेम आणखी स्वस्त झाली. केसांतून उतरलेले प्लॅस्टिक असे नाकावर चढले. ‘लाइफ’ साप्ताहिकाने १९३८ मध्ये दिलेल्या हिशोबानुसार आदल्या वर्षी अमेरिकेत दोन कोटी गॉगल विकले गेले होते, आणि वापरणाऱ्यांपैकी डोळ्यांसाठी त्याची खरी गरज जेमतेम चौथ्या हिश्श्याला होती. उरलेल्या तीन हिश्श्यांना गॉगल हवा होता तो दिसण्यासाठी. फ्रेमच्या आकाराला महत्त्व आले ते या गिऱ्हाइकांमुळे.

तरीही आकार म्हणावा असा फारसा नव्हताच. बहुतेक फ्रेमा गोल. ही कोंडी फोडली आल्टिना शिनासी यांनी. १९०७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या शिनासी तिथल्या बड्या दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवत असत. एका चष्मेवाल्याच्या खिडकीतल्या एकसुरी फ्रेमा पाहून त्यांना वाटले, स्त्रीच्या चेहऱ्यावर याहून बरे काही बसायला हवे. त्यांना आठवले ते व्हेनिसच्या कार्निव्हलमधले हार्लेक्विन मुखवटे, बाहेरच्या कडांना वर उचललेले. कागद कापून त्यांनी नमुने केले. बड्या उत्पादकांनी ते नाकारले. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाने विकायला घेतले आणि ‘हार्लेक्विन’ फ्रेम गाजली. १९३९ मध्ये तिला लॉर्ड अँड टेलर या दुकानातर्फे दिला जाणारा डिझाइन पुरस्कार मिळाला. पन्नाशीच्या दशकात सर्वत्र पसरलेली ‘कॅट-आय’ फ्रेम हिचेच पुढचे रूप. वर गेलेल्या कडा पाहणाऱ्याची नजर गालफडांकडून कपाळाकडे नेतात, हे तिचे सगळे मर्म. फ्रेम चेहऱ्याची ठेवण वेगळी भासवू शकते, हे त्या एका वळणाने सिद्ध केले.

चेहऱ्यांचे वर्गीकरण मात्र चष्मेवाल्यांचे नाही. ते रंगभूषेच्या टेबलावरून आले. हॉलीवूडमधल्या रंगभूषाकारांच्या वेस्टमोर घराण्यातल्या पर्क वेस्टमोर यांनी चेहऱ्याचे सात प्रकार मांडले: अंडाकृती, गोल, चौकोनी, लांबट, त्रिकोणी, उलटा त्रिकोणी आणि हिऱ्याच्या आकाराचा. यातला अंडाकृती आदर्श, आणि बाकी सहांना छायाप्रकाशाने, केशरचनेने त्याच्याजवळ न्यायचे. कृष्णधवल चित्रपटाच्या कॅमेऱ्यासाठी ही युक्ती उपयोगी होती. सौंदर्यविषयक पुस्तकांनी आणि नियतकालिकांनी ती घराघरांत नेली आणि चष्म्यालाही तीच लागू झाली. फ्रेम चेहऱ्याच्या उलट घ्यावी, म्हणजे दोन्ही मिळून अंडाकृतीचा भास होतो, एवढाच या नियमाचा पाया आहे. मुंबईच्या चित्रसृष्टीतले याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण केसांचे आहे. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) या चित्रपटासाठी साधना यांचे रुंद कपाळ झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर कपाळावर बटा घ्यायला लावल्या आणि ‘साधना कट’ देशभर पोहोचला.

पुढच्या वर्षी त्याच हेपबर्न यांनी ‘ब्रेकफास्ट अॅट टिफनीज’मध्ये घातलेला गॉगल रे-बॅनचा वेफेअरर होता असे पुष्कळांना वाटते, पण तो लंडनच्या ऑलिव्हर गोल्डस्मिथ यांचा ‘मॅनहॅटन’ होता. मोठ्या गॉगलला खरी प्रतिष्ठा दिली जॅकी केनेडी ओनासिस यांनी. त्यांचा जबडा रुंद, डोळ्यांमधले अंतर जास्त आणि गॉगल अर्धा चेहरा झाकेल एवढे. त्या गॉगलांचे मुख्य काम छायाचित्रकारांना दूर ठेवणे हे होते. जबड्याचा समतोल साधला असेल तर तो आनुषंगिक. १९६५ मध्ये पॅरिसचे फॅशन डिझायनर आंद्रे कुरेज यांनी तर पांढऱ्या पट्टीला नुसती आडवी चीर असलेला गॉगल आणला, इन्युइटांच्या पट्टीची थेट नक्कल. तो कोणत्या चेहऱ्याला शोभतो, याचे उत्तर नियमात नव्हतेच. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या झीनत अमान यांच्या मोठ्या गोल काचांनीही असा सल्ला विचारला नाही. अॅव्हिएटर तर वैमानिकांसाठी घडलेला. खालच्या उपकरणांकडे वळलेली नजरही झाकली जावी म्हणून त्याची काच थेंबासारखी खाली उतरते. स्त्रियांनी तो सत्तरच्या दशकात सहज आपला केला.

म्हणजे नियम टाकाऊ आहे असे नव्हे. अनेक फ्रेमांतून चारपाच बाजूला काढायला तो उपयोगी पडतो, त्यापलीकडे नाही. रुंदी, नाक आणि गाल यांचा विचार तो करत नाही, आणि गॉगल बसतो किंवा घसरतो तो यांच्यामुळेच. युरोपीय नाकाचा उंच घाट गृहीत धरून घडवलेल्या फ्रेमा नाकाचा वरचा भाग बसका असलेल्या चेहऱ्यावर खाली येतात आणि हसताना गालांना टेकतात. अशा वेळी वेगळे पॅड असलेली धातूची फ्रेम सोयीची, कारण पॅड वाकवता येतात. अॅसिटेटच्या फ्रेमचे पॅड तिच्या अंगातच असतात. फ्रेमची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीइतकी असावी, आणि भुवया पूर्ण झाकल्या जाऊ नयेत. कानशिलांवर काड्यांचे वळ उठत असतील तर आकार कितीही शोभो, फ्रेम लहान आहे.

काचेचा रंग हा आणखी वेगळा विषय. गडद काच अतिनील किरण अडवतेच असे नाही. अडवत नसेल तर तिच्यामागे बाहुली विस्फारते आणि ते किरण उलट जास्त आत जातात. ऑस्ट्रेलियाने १९७१ मध्ये गॉगलसाठी जगातले पहिले राष्ट्रीय मानक ठरवले ते याच चिंतेतून. आज ‘यूव्ही ४००’ ही खूण ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवल्याचे सांगते. फ्रेमची मापे बहुधा काडीच्या आतल्या बाजूला छापलेली असतात: उदाहरणार्थ ५२, १८, १४०. पहिला आकडा एका काचेच्या रुंदीचा, दुसरा नाकावरच्या पुलाचा, तिसरा काडीच्या लांबीचा, सगळे मिलिमीटरमध्ये. नीट बसणारा जुना गॉगल घरात असेल तर नवा घेताना आधी त्याचे हे तीन आकडे पाहून जावे.