शब्दावाचूनचे हास्य

दिवाळी अंकांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाचे पान मिळते. त्यांची मुखपृष्ठे मात्र इतिहासकारांच्या दृष्टीतून बहुधा निसटतात. माझ्या मते ही केवळ अनवधानाची बाब नव्हे. जे शब्दांत नाही ते साहित्याच्या कक्षेत येत नाही, असा आपला जुना समज आहे. त्याला शि. द. फडणीस यांच्याइतका धक्का क्वचितच कोणी दिला असेल.

फडणीसांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. शालेय शिक्षण कोल्हापुरास आणि कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले. १९४५ साली ‘मनोहर’ मासिकात त्यांचे पहिले व्यंगचित्र छापले गेले. त्यापूर्वी शंकरराव किर्लोस्करांनी स्वतः कुंचला हाती घेऊन मराठी मासिकांत या कलेची वाट पाडली होतीच. परंतु विनोद बहुधा चित्राखालच्या ओळीत असे आणि चित्र तिची सोबत करी.

अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ या मासिकांनी फडणीसांना मुखपृष्ठाचे सबंध पान दिले. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या वस्त्रावर मांजरे छापलेली, दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदीर. बस्स, एवढेच. खाली एक अक्षर नाही. प्रसंग काय, पुढे काय घडणार, हे सारे वाचकाने आपल्या मनाशी रचावयाचे! कथाकार याहून वेगळे काय करतो?

येथे जपानच्या किताझावा राकुतेन या आद्य व्यंगचित्रकाराचे स्मरण होते. १९०५ साली त्याने ‘तोक्यो पक’ हे सचित्र नियतकालिक काढले. परदेशी वाचकांनाही ते कळावे म्हणून चित्रांखाली जपानी, चिनी व इंग्रजी अशा तीन भाषांतील मजकूर दिला जाई. भाषेचा बांध ओलांडण्यासाठी राकुतेनने भाषा वाढविल्या; फडणीसांनी त्याच कामासाठी होती तीही भाषा काढून टाकली. राकुतेनचा रोख राजकारणावर होता, फडणीसांना घरसंसारातली विसंगती पुरली. त्यांच्या विनोदाला दंश नाही, अशी तक्रार कोणी केल्यास ती मी सर्वस्वी नाकारणार नाही. परंतु ‘हसरी गॅलरी’ हे त्यांचे प्रदर्शन परदेशांतही गेले आणि दुभाष्यावाचून तेथे कळले.

आम्हा शिक्षकांवर त्यांचे ऋण आणखी निराळे आहे. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे ‘बालभारती’ची, स्थापना १९६७ साली झाली. तिच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी फडणीसांनी चित्रे काढली. गणित हा पोरांना घाम फोडणारा विषय. त्याच्या पानावर हसू आणणे हे मुखपृष्ठाहून अवघड काम होते.

आमच्या जोयडा तालुक्यात मूल घरी कोकणी बोलते, बाजारात कन्नड ऐकते आणि मराठी त्याला पुस्तकात भेटते. पहिल्या दिवसांत ते वर्गात तोंड उघडत नाही. अशा वर्गात मी फडणीसांचे चित्र उंच धरतो, तेव्हा मागच्या बाकावरून सर्वांआधी जो हसतो, तो पुष्कळदा तोच अबोल मुलगा असतो.