प्लग काढला तरी झडप पडत नाही

गेल्या दिवाळीत मी येडशीला गेलो तेव्हा आत्याच्या लॅपटॉपचा आवाज गेला होता. म्हणजे पुरता गेला नव्हता. हेडफोन लावला की खणखणीत ऐकू यायचं, काढला की चिडीचूप. चुलतभावाच्या मुलाने अभ्यासाचे व्हिडिओ बघायला हेडफोन लावला, काढला, आणि तेव्हापासून स्पीकर बोलायलाच तयार नव्हता.

इतरांच्या लेखी ही बारीक गोष्ट. पण आत्याला श्रवणयंत्र आहे. त्यावर हेडफोन चढवला की शिट्टी वाजते. तिची मुलगी परदेशात असते, रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल करते. मोबाइलचा आवाज आत्याला पुरत नाही, आणि बोलणाऱ्याचे ओठ दिसायला तिला मोठा पडदाच लागतो. चार दिवस मायलेकी एकमेकींना नुसते हात हलवून दाखवत होत्या.

घरात इंजिनिअर मी एकटा. माझ्या धंद्यातली माणसं अशा वेळी जे करतात तेच मी केलं. ड्रायव्हर काढला, परत टाकला. जुनी आवृत्ती शोधली, तीही टाकून बघितली. आमच्याकडे लाइट जाते-येते, त्यामुळे मध्ये एकदा डाउनलोड पहिल्यापासून. दोन तास गेले. आत्या शेजारी बसून वाती वळत होती. शेवटी म्हणाली, "काय करायलास रे इतका वेळ? प्लग काढला तरी झडप पडंना, असंच ना? मग पत्ती अडकली असंल. आधी ती बघ की."

मला वाटलं, काहीतरी आपलं बोलतेय. मग आठवलं की आत्या निवृत्त होईपर्यंत टेलिफोन खात्यात होती आणि तिच्या नोकरीची पहिली काही वर्षं हाताने जोडणी करायच्या बोर्डावर गेली. लहानपणी आम्हाला ती 'लाइटनिंग कॉल'च्या गोष्टी सांगायची. साधा ट्रंक कॉल, अर्जंट आणि लाइटनिंग, असे तीन दर. ठरावीक माणूसच फोनवर यायला हवा असेल तर 'पीपी'. बिल तीन-तीन मिनिटांच्या हिशोबाने. साधा कॉल बुक केला की माणूस दुपारभर फोनपाशी बसून राहायचा.

त्या बोर्डाची रचना तिने मला वातीच्या कापसावर बोट फिरवत समजावली. प्रत्येक ग्राहकाचं बोर्डावर एक भोक असतं, तो जॅक. त्याच्यावर एक छोटी धातूची झडप. ग्राहकाने आपल्या फोनचा दांडा फिरवला की तारेतून वीज येते, विद्युतचुंबक आकडा ओढतो आणि झडप खाली पडते. म्हणजे अमुक नंबर बोलावतोय. ऑपरेटर त्या भोकात दोरीचा प्लग घालते, "नंबर प्लीज" म्हणते, आणि दोरीचं दुसरं टोक हव्या त्या भोकात खुपसते. खरी गंमत भोकाच्या आत आहे. तिथे स्प्रिंगसारखी पत्ती असते. भोक रिकामं असताना ती आपल्या जोडीदार पत्तीला टेकलेली असते आणि तार झडपेच्या चुंबकाला जोडलेली राहते. प्लग आत गेला की पत्ती उचलली जाते, झडप तुटते आणि बोलणं दोरीत शिरतं. प्लग काढला की पत्ती परत खाली.

परत खाली आली नाही तर? ग्राहक दांडा फिरवून फिरवून थकतो, बोर्डावर काहीच पडत नाही. तो समजतो ऑपरेटर झोपलीय. शिव्या ऑपरेटरला. "म्हणून गिऱ्हाइकाची तक्रार आली की आम्ही आधी प्लग दहादा घालून काढायचो," आत्या म्हणाली.

हे यंत्र दीडशे वर्षांच्या घरातलं आहे. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं, ग्राहक २१. बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ला, कलकत्त्यात आपल्याकडचं सुरू झालं, आणि त्याच वर्षी मुंबईचंही. सुरुवातीला अमेरिकेत बोर्डावर पोरं बसवली होती. ती ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, टिंगल करत. म्हणून १ सप्टेंबर १८७८ला बोस्टनमध्ये एमा नट या बाईला नेमलं, आणि हे काम बायकांचं होत गेलं. 'जॅक' हे नाव शिकागोच्या चार्ल्स स्क्रिब्नर या इंजिनिअरच्या जोडणीवरून आलं, असं सांगतात. तिची ठेवण घडीच्या चाकूसारखी होती, आणि इंग्रजीत त्या चाकूला जॅकनाइफ म्हणतात. ऑपरेटरचा तो पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा प्लग आजही जिवंत आहे. रामलिंगाच्या देवळात श्रावणात भजनीमंडळाचा अँप्लिफायर आणला की त्याच्या मागे बघा. गिटारवाल्यांचाही तोच. आमच्या येडशीवरून जाणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी इतिहासजमा झाली, रूळच बदलले; हा प्लग मात्र मिलिमीटरभरही हलला नाही.

पत्तीने पुढे घर बदललं. नोव्हेंबर १९५४मध्ये अमेरिकेत रीजन्सी कंपनीचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला, त्याला कानात घालायच्या बोंडासाठी जॅक होता. म्हणजे पत्तीचा धंदा तोच राहिला, फक्त झडपेच्या जागी स्पीकर आला. तोवर रेडिओ ही चारचौघांत ऐकायची चीज होती. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंच चालवले, पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत. गावकरी एका संचाभोवती जमायचे, ऐकायचे आणि मग वाद घालायचे. (आमचा जिल्हा त्यात नव्हता, तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला.) बोंड आलं आणि ऐकणं एकट्याचं झालं. जुलै १९७९मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि त्यात तर स्पीकरच नव्हता.

ट्रान्झिस्टरमध्ये आवाजाची वीज खरोखर त्या पत्तीतून वाहायची. म्हणून पत्तीवर गंज धरला की रेडिओ खरखरायचा किंवा बंद पडायचा. आत्या सांगते, आजोबा असा रेडिओ थोपटून चालू करायचे. लॅपटॉपमध्ये तसं नाही, आणि माझ्यासारखे इथेच फसतात. आजच्या जॅकमधली पत्ती आवाज अडवत नाही, ती फक्त चहाडी करते. प्लग आत आला की साउंड चिपला एक इशारा जातो. इंटेलने २००४ साली हाय डेफिनिशन ऑडिओ नावाचं मानक काढलं, त्यात हा इशारा चिपकडून ड्रायव्हरकडे कसा जावा हे ठरलेलं आहे. ड्रायव्हर तो वाचतो आणि स्पीकर गप्प करतो. प्लग काढल्याचा इशारा आला नाही, तर स्पीकर ठणठणीत असूनही तो कायमचा गप्प. स्क्रिब्नरच्या काळात पत्ती स्वतः काम करायची; आता ती नुसती बातमी देते, आणि बातमी चुकली की सगळी वरची साखळी खोट्या माहितीवर इमानदारीने चालत राहते. हा प्रकार मला ऑफिसातून चांगला ओळखीचा आहे.

मी सेटिंग उघडून बघितलं. हेडफोन टेबलावर पडलेला, आणि पडद्यावर आउटपुट म्हणून 'हेडफोन'च. हे पहिल्या मिनिटाला बघायला हवं होतं. हेडफोन काढल्यावर ते नाव यादीतून जात असेल आणि तरीही स्पीकर गप्प असेल, तर दोष सॉफ्टवेअरकडे शोधायचा. अशा वेळी 'शट डाउन' नाही, 'रीस्टार्ट' करायचं. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन अर्धवटच होतं, ड्रायव्हरची जुनी समजूत तशीच साठवून ठेवली जाते. लिनक्सवाल्यांनी अल्सामिक्सरमध्ये ऑटो-म्यूट बंद करून बघावं. पण नाव यादीत चिकटूनच बसलं असेल तर बहुतेक वेळा भोकात डोकवावं लागतं.

मोबाइलचा टॉर्च मारला. आत करड्या रंगाची दाट लव साचली होती. दिवाळीची झाडलोट, वातींचा कापूस आणि बारा वर्षांच्या पोराचं दप्तर, काय काय असेल कोण जाणे. लॅपटॉप पूर्ण बंद केला, दात कोरायच्या लाकडी काडीचं टोक तासून बारीक केलं आणि लव हलक्या हाताने बाहेर ओढली. टाचणी घालायची नाही, पत्ती वाकते. एवढं करूनही 'हेडफोन' गेला नाही. मग स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बाटलीच्या टोपणभर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, प्लगला पुसटसं लावलं, आणि आत्या म्हणाली तसं घातला-काढला, घातला-काढला. ती मोजत होती. अकराव्याला थांब म्हणाली.

दहा मिनिटं वाळू दिलं आणि लॅपटॉप चालू केला. यादीत फक्त 'स्पीकर' होतं.

बोर्डावर आत्याला फार वर्षं मिळाली नाहीत. १९८४ साली सी-डॉट स्थापन झालं, १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचं १२८ लाइनचं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बसलं. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालणारं यंत्र होतं ते. तशी यंत्रं मग देशभर पसरली. आत्याच्या एक्स्चेंजमध्ये स्वयंचलित यंत्र आलं तेव्हा बोर्ड भंगारात गेला आणि तिला बिलाच्या खिडकीवर बसवलं. मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाली, हात आठवडाभर दोऱ्या शोधायचा. मग म्हणाली, लोकांना दुपारभर फोनपाशी बसावं लागायचं नाही, ते बरं झालं. दोन्ही एकाच स्वरात.

साडेआठला कॉल आला. ताईने पलीकडून विचारलं, "आई, ऐकू येतंय का?" आत्या म्हणाली, "लाइन क्लिअर आहे, बोला."

पोराला मी दुसऱ्या दिवशी बार्शीहून यूएसबीचा हेडफोन आणून दिला. जॅकच्या भोकावर आत्याने स्वतः चिकटपट्टी लावली आहे.