वारा फिरेपर्यंत

समुद्रप्रवासाच्या वर्णनांत वादळाला जेवढी जागा मिळते तेवढी खोळंब्याला मिळत नाही. वादळात घटना असते, नाट्य असते. वारा उलटा असला किंवा अजिबातच पडला की जहाज रेंगाळत राहते आणि सांगण्याजोगे काही घडतच नाही. या दृष्टीने वास्को द गामाच्या पहिल्या सफरीचा परतीचा टप्पा मुळातून पाहण्यासारखा आहे.

२४ एप्रिल १४९८ रोजी गामाची तीन जहाजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीहून निघाली. तिथल्या राजाने दिलेला जाणता वाटाड्या सोबत होता, वारा अनुकूल होता. १८ मे रोजी मलबारचा किनारा दिसलाही. परतीची कहाणी मात्र निराळी आहे. कालिकतच्या सामुरीशी बिनसल्यामुळे २९ ऑगस्टलाच तो निघाला. कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर जहाजे साफसूफ करून त्याने ५ ऑक्टोबरला आफ्रिकेची दिशा धरली.

कोकणात नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात लोटतात. पण समुद्र खुला होणे वेगळे आणि आफ्रिकेकडे नेणारा वारा सुटणे वेगळे. तो ईशान्येचा वारा स्थिरावतो नोव्हेंबर-डिसेंबरात.

सफरीतल्या एका निनावी सहप्रवाशाची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यानुसार या पल्ल्याला जवळजवळ तीन महिने लागले. कधी वारा समोरून, कधी मुळीच नाही. ताज्या अन्नाअभावी स्कर्व्ही बळावला; हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले. या पल्ल्यात तीस माणसे गेली, तितकीच आधी गेली होती. जहाज हाकायला प्रत्येकी सात-आठ धडधाकट माणसे उरली. अखेर कप्तानांनी ठरवले, की हिंदुस्थानाकडे नेणारा वारा लाभला तर माघारी फिरायचे. इतक्यात ईश्वरकृपेने वारा फिरला, असे रोजनिशीकार लिहितो. सहाएक दिवसांत किनारा दिसला. ७ जानेवारी १४९९ रोजी जहाजे मालिंदीला लागली. पुढे तीन जहाजांना पुरतील इतकी माणसेच नसल्याने ‘साऊं राफाएल’ जाळून टाकावे लागले.

ज्याला तो कृपा म्हणतो, त्याला या सागरावरचे अरब आणि गुजराती नाखवे काय म्हणत असतील? त्यांच्या लेखी तो मोसम होता. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ. आपण ‘मोसमी वारे’ म्हणतो तेव्हा वाऱ्याला त्याच्या वेळेवरून ओळखत असतो. त्या नाखव्यांचा धीर हा केवळ स्वभावगुण नव्हता; किती थांबायचे हे ठाऊक असल्यामुळे त्यांना थांबता येत असे. गामाच्या माणसांनी सोसले पुष्कळ, पण त्यांच्या सोसण्याला मुदत नव्हती. मुदत ठाऊक नसलेली प्रतीक्षा माणसाला एकतर खचवते, नाहीतर चमत्काराकडे वळवते. रोजनिशीत दोन्ही दिसते.

याच सफरीवर लुईश द कामोंइशने ‘ऊश लुझियादश’ हे महाकाव्य रचले. ते १५७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात परतणाऱ्या खलाशांसाठी व्हीनस देवता समुद्रात एक प्रेमद्वीप उभे करते. अप्सरा, मेजवानी, भविष्यकथन असा तो सोहळा आहे. रोजनिशीत जिथे प्रेते आहेत, तिथे महाकाव्यात उत्सव आहे. हे निव्वळ असत्य म्हणून सोडून देता येणार नाही. स्कर्व्हीची भीषणता कामोंइशला ठाऊक होती. जातानाच्या प्रवासात त्याने ती रंगवली आहे. पण विजयी वीर वाऱ्यासाठी ताटकळतो आहे, हे दृश्य परतीच्या गौरवगाथेत बसणार कसे?

दप्तराने मात्र धडा घेतला. पुढच्या ताफ्याचा प्रमुख काब्राल जानेवारी १५०१ मध्ये मलबारहून निघाला आणि फेब्रुवारीत आफ्रिकेच्या किनाऱ्याला पोचला. नंतरचे पोर्तुगीज ताफेही साधारण डिसेंबर-जानेवारीतच परतीला लागत. त्या साध्या वेळापत्रकामागे १४९८ चे ते तीन महिने आहेत. महाकाव्याने ते पुसले, रोजनिशीने मोजले. आपण ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तरच त्या तीस माणसांच्या मरणाला वाङ्मयात जागा मिळेल.