महाड : पूर आणि दरडी

महाड : रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे ठिकाण आणि एके काळचे खाडीबंदर. गांधारी नदी सावित्रीला मिळते तेथे वसलेले. मुंबई–गोवा महामार्ग गावाला लागून जातो. रायगड किल्ल्याची वाट येथून फुटते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी केलेल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे गावाचे नाव सर्वतोमुखी आहे. प्रस्तुत नोंद येथील अतिवृष्टी, पूर व दरडींपुरती.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, सुमारे १,३७० मीटर उंचीवर. तेथे वर्षाकाठी साडेपाच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो. हे पाणी सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूरवरून थोडक्या वेळात महाडला पोचते आणि तेथे एकाएकी मंदावते, कारण गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. पुढे दासगावपाशी काळ नदी येऊन मिळते. नदी समुद्राला मिळते ती बाणकोटला, पण भरतीचे पाणी खाडीतून पार महाडपर्यंत चढते. पूर्वी याच भरतीवर पडाव आणि लहान गलबते माल घेऊन महाडला लागत. मोठ्या गलबतांना दासगावलाच थांबावे लागे. बंदर गेले, भरती राहिली. वरून घाटाचा लोंढा आणि खालून खाडीचे पाणी एकाच वेळी आले, की नदीला वाट उरत नाही आणि ती पेठेत शिरते.

पेठेत पाणी शिरणे ही येथे पावसाळ्यातली नवलाई नव्हे. पाऊस चढला की दुकानदार माल माळ्यावर टाकतात; पाणी ओसरल्यावर पुढचे आठ-पंधरा दिवस फळ्या, टोपल्या आणि पावडी घेऊन गाळ उपसण्यात जातात. भिंतीवर मळकट रेघ उमटलेली असते, तिच्यावरून गेल्या पुराशी तुलना होते. खाडीकाठच्या माणसाचा हिशेब तिथीवर चालतो: पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण मोठे, तेव्हा ओहोटी लागेपर्यंत पूर उतरण्याची आशा धरायची नाही. अलीकडच्या तीन मोठ्या दुर्घटना या तिथींना लागूनच घडल्या आहेत. कारण म्हणून पावसाचा वाटा मोठा हे खरे, पण योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

पहिली २००५ ची. गुरुपौर्णिमा २१ जुलैला झाली आणि २५ जुलैच्या संध्याकाळी तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. महाड शहर त्या वेळी पाण्याखाली, रस्ते तुटलेले; मदत वेळेवर पोचूच शकली नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला आणि साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे वळले. महाड परिसरात दरडींखाली सुमारे दोनशे माणसे गेली, हे बाहेरच्या लोकांना उशिरा कळले, आणि अजूनही ‘२६ जुलै’ म्हटले की मुंबईच आठवते.

दुसरी २ ऑगस्ट २०१६ ची, आषाढ अमावास्येची रात्र. महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान राजेवाडीजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुराने नेला. दोन एसटी गाड्या आणि एक मोटार अंधारात नदीत पडली. शेजारचा नवा पूल जागेवर होता. पाणी इतके गढूळ आणि वेगवान, की पाणबुड्यांना काही दिसेना. शेवटी क्रेनला लोहचुंबक बांधून गाड्यांचा शोध घ्यावा लागला. काही मृतदेह खाडीतून वाहत जाऊन समुद्रकिनाऱ्याला लागले. बदली पूल पुढच्या वर्षी जूनमध्ये, १६५ दिवसांच्या कामानंतर, खुला झाला.

तिसरी जुलै २०२१ ची. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. २२ तारखेला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला. महाडची पेठ पुन्हा बुडाली, लोक घरांच्या छपरांवर आणि वरच्या मजल्यांवर अडकले. त्याच दिवशी तळिये येथील कोंढाळकरवाडी डोंगरासकट घसरून मातीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडींनी बळी घेतले. हानीचा हिशेब मांडताना एक गोष्ट ठळक होते: २००५ आणि २०२१ या दोन्ही वेळी पुराने नाव गाजले ते महाड शहराचे, बहुतेक माणसे मेली ती डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत. पुराच्या पाण्याला वर चढून टाळता येते. दरड वरूनच येते.

पुराच्या कारणांवर स्थानिक लोकांचे म्हणणे ठाम आहे. नदीपात्रात गाळ साचून बेटे तयार झाली आहेत आणि दासगावजवळ कोकण रेल्वेच्या भरावाने पाण्याची वाट आवळली गेली आहे, तेथे जास्त मोऱ्या हव्यात, ही मागणी जुनी आहे. २०२१ नंतर सावित्रीतला गाळ यंत्रांनी काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले.

शहराच्या उत्तरेला, महामार्गाच्या कडेच्या टेकडीत गांधारपाले लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्याच्या मुक्कामासाठी खोदलेले हे विहार; कोणत्याही पुराची रेघ त्यांच्या उंबऱ्याला पोचत नाही, आणि ओट्यावर उभे राहिले की गांधारीचे पात्र, सपाट भातशेती आणि शहराची छपरे एका नजरेत दिसतात.