पन्नासचा आकडा

'स्मार्ट ग्रिड' म्हटलं की डोळ्यांपुढे संगणकच येतो. पण वरून हुकूम न येता प्रत्येकाने आपापल्या जागी निर्णय घ्यायचा, ही त्यातली मूळ कल्पना आपल्याकडे २००२ सालीच राबवली गेली.

त्याआधी राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत, आणि त्याला दंड असा नसे. विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने हवी; मागणी चढली की ती घसरते. गंमत म्हणजे जोडलेल्या सगळ्या जाळ्यात ती एकच असते. केंद्रीय वीज नियामक आयोगाने भावच तिला बांधून टाकला. आकडा ५०.५ असेल तर ठरल्याबाहेरची वीज फुकट, ४९.०२ च्या खाली गेला तर युनिटला ४ रुपये २० पैसे! १ जुलै २००२ पासून आपल्या पश्चिम विभागात हे सुरू झालं. ना फोन, ना पत्र. आकडा बघा आणि ठरवा. भानू भूषण यांनी याचा फार पाठपुरावा केला. मला तर ही सरळ भाजीबाजारातली अक्कल वाटते.

पण ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना-ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली आणि उत्तर भारत अंधारात गेला. तेव्हा आकडा होता ४९.६८, म्हणजे घाबरण्यासारखा नव्हताच! उत्तरेकडची राज्ये जास्त ओढत होती, पश्चिमेकडची कमी. बेरीज जुळली, भार मात्र मधल्या तारांवर. वीज किती कमी आहे ते आकडा सांगतो, ताण कुठे आहे ते नाही. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही गेला.

२०१४ साली मग जास्त ओढण्यालाच मर्यादा घातली: ठरलेल्याच्या १२ टक्के किंवा १५० मेगावॉट, यातलं जे कमी ते.